निविदेतील एका ओळीपलीकडची आंतरकार्यक्षमता

उपकेंद्र स्वयंचलन प्रणालीसाठी निघणाऱ्या बहुतेक निविदांमध्ये ‘सर्व उपकरणे आयईसी ६१८५० या मानकाशी सुसंगत असावीत’ अशा अर्थाची एक ओळ असते, आणि ती लिहिली की निरनिराळ्या उत्पादकांचे रिले, बे नियंत्रक व गेटवे एकमेकांशी विनासायास बोलू लागतील, असे खरेदीदार संस्था धरून चालते. प्रत्यक्षात त्या ओळीने हाती येते ते सुसंगतीचे प्रमाणपत्र. आंतरकार्यक्षमता, म्हणजे दोन उत्पादकांच्या उपकरणांनी परस्परांना माहिती देणे आणि ती ठरलेल्या कामासाठी बिनचूक वापरणे, ही त्याच्या पुढची पायरी असून ती चढण्याचे काम मानकाने बऱ्याच अंशी वापरणाऱ्यावरच सोपवले आहे.

या मानकाच्या आधी परिस्थिती किती विस्कळीत होती, याचा विसर पडता कामा नये. अंकीय रिले आले तेव्हा मॉडबस, डीएनपी ३, लॉन, आयईसी ६०८७०-५-१०३ असे अनेक प्रोटोकॉल, म्हणजे संदेशवहनाचे नियमसंच, एकाच वेळी प्रचारात होते. १०३ मध्ये तर उत्पादकाला स्वतःचे खासगी संदेश वापरण्याची मुभा असल्याने एकच प्रोटोकॉल बोलणारे दोन रिलेही एकमेकांना पुरते समजत नसत आणि मध्ये प्रोटोकॉल परिवर्तक बसवावा लागे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या, म्हणजेच आयईसीच्या, ५७ क्रमांकाच्या तांत्रिक समितीने १९९५ च्या सुमारास नव्या मानकाचे काम हाती घेतले, अमेरिकेत ‘यूसीए २.०’ या नावाने चाललेला समांतर प्रयत्न १९९७ मध्ये त्याला जोडून घेण्याचे ठरले, आणि पहिल्या आवृत्तीचे मुख्य भाग २००३ ते २००५ या काळात प्रसिद्ध झाले.

मानकाचा गाभा संदेशवहनात नसून माहितीच्या प्रतिमानात आहे. उपकेंद्रातील प्रत्येक कार्याला त्याने ‘लॉजिकल नोड’ असे एकक नेमून दिले: सर्किट ब्रेकरसाठी एक्ससीबीआर, अंतर-संरक्षणासाठी पीडीआयएस, मोजमापांसाठी एमएमएक्सयू. रिले कोणत्याही कंपनीचा असो, ब्रेकरची स्थिती त्याच नावाने आणि त्याच रचनेत मिळावी, ही अपेक्षा. ट्रिपसारख्या तातडीच्या संकेतांसाठी ‘गूस’ संदेश आले. ते इथरनेटवरून एकाच वेळी अनेक उपकरणांकडे जातात, त्यांची पोचपावती येत नसल्याने लागोपाठ पुन्हा पाठवले जातात, आणि सर्वांत कडक कामगिरी-वर्गात त्यांनी ३ मिलिसेकंदांच्या आत पोचणे अपेक्षित असते. या सगळ्याची जुळणी ‘एससीएल’ या विन्यास-भाषेतील फायलींमध्ये लिहिली जाते. रिलेची क्षमता सांगणारी फाइल आयसीडी, संपूर्ण उपकेंद्राची एकत्रित फाइल एससीडी, आणि तिच्यातून प्रत्येक रिलेसाठी काढलेली फाइल सीआयडी.

मग पाणी मुरते कुठे? पहिली जागा ऐच्छिक गोष्टींची. मानकाने लॉजिकल नोडमधील काही घटक अनिवार्य ठेवले आणि बरेच ऐच्छिक. शिवाय कशातच न बसणाऱ्या संकेतांसाठी जीजीआयओ नावाचा सर्वसाधारण नोड दिला. ही सोय अडचणीच्या वेळेपुरती होती, पण काही उत्पादकांनी व अनेक प्रणाली-जुळणीकारांनी त्यात डझनावारी संकेत कोंबले, आणि ‘जीजीआयओ मधील सतरावा संकेत’ म्हणजे बुखोल्झ रिलेचा अलार्म की स्प्रिंग चार्ज न झाल्याची सूचना, हे पुन्हा उत्पादकाच्या वहीतच पाहावे लागू लागले. असा रिले सुसंगती-चाचणी विनातक्रार उत्तीर्ण होतो, कारण मानकाचा भंग त्याने कोठेच केलेला नसतो.

दुसरी जागा आवृत्तींमधील फरकाची. पहिल्या आवृत्तीत गूस संदेशाच्या शीर्षभागात ‘चाचणी’ दर्शवणारा एक बिट होता. दुसऱ्या आवृत्तीत त्याच जागी ‘अनुकरण’ हा अर्थ आला, म्हणजे हा संदेश खऱ्या रिलेकडून नव्हे तर चाचणी-संचाकडून येत आहे असे सांगणारा, आणि चाचणीची खूण माहितीच्या गुणवत्ता-घटकाकडे गेली. एका बेमध्ये जुन्या आवृत्तीचा आणि शेजारच्या बेमध्ये नव्या आवृत्तीचा रिले असेल, तर चाचणीसाठी पाठवलेला ट्रिप संदेश दुसरा रिले दुर्लक्षित करील की ब्रेकर खरोखर उघडील, हे दोन्ही माहितीपत्रके शेजारी ठेवून आणि प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. चालू उपकेंद्रात काम करणाऱ्या संरक्षण अभियंत्याला हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी जागा साधनांची, आणि व्यवहारात सर्वांत जाचक ठरते ती हीच. एससीएल सर्वांना समान असली तरी प्रत्येक उत्पादकाचे विन्यास-साधन तिच्यात आपले खासगी भाग घालते, दुसऱ्याच्या फायलीतील खासगी भाग कधी जपते, कधी गाळते, आणि काही रिले तर केंद्रीय एससीडी फायलीपेक्षा स्वतःच्या साधनात केलेल्या बदलांनाच अधिक मानतात. युरोपातील पारेषण चालकांच्या ‘एन्ट्सो-ई’ या संघटनेने २०१२ मध्ये जाहीर निवेदन काढून बहु-उत्पादक प्रणालींविषयीची नाराजी व्यक्त केली, तिचा रोख बराचसा इकडेच होता. यूसीए आंतरराष्ट्रीय वापरकर्ता गटाने २०११ मध्ये पॅरिस, २०१३ मध्ये म्युनिक, २०१५ मध्ये ब्रुसेल्स आणि २०१७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे प्रतिस्पर्धी उत्पादकांना एका जागी बसवून आंतरकार्यक्षमतेच्या चाचण्या भरवल्या. त्यांत उपकरणांबरोबर साधनेही तपासली गेली. प्रमाणपत्रे पुरेशी असती, तर असे मेळे भरवण्याचे कारणच उरले नसते.

मात्र याच मानकाच्या परिवारात एक यशस्वी उदाहरणही आहे. विद्युतप्रवाह व दाब यांची नमुना-मूल्ये अंकीय रूपात पाठवण्याविषयीच्या ९-२ या भागात नमुन्यांचा दर आणि माहितीसंच दोन्ही मोकळे ठेवलेले होते, म्हणून कोणाचेही मर्जिंग युनिट कोणाच्याही रिलेशी जुळेना. २००४ मध्ये वापरकर्ता गटाच्या ‘९-२ एलई’ या मार्गदर्शिकेने संरक्षणासाठी एका आवर्तनात ८० नमुने, म्हणजे ५० हर्ट्झला सेकंदाला ४,०००, असा दर आणि ४ प्रवाह व ४ दाब असा संच पक्का करून टाकला, आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना जोडता येऊ लागली. पुढे आयईसी ६१८६९-९ ने सेकंदाला ४,८०० नमुन्यांचा दर पुढे आणला. मानकात भर घालून हे साधले नाही. मानकाने दिलेल्या निवडी कमी केल्या म्हणून साधले. संरक्षण व नियंत्रणाच्या उरलेल्या कार्यांसाठी हीच छाटणी कोणी तरी करायला हवी, आणि उत्पादक ती आपल्या सोयीनेच करणार असल्याने ती खरेदीदार संस्थेनेच करावी, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. मूलभूत अनुप्रयोग-प्रोफाइल कशा लिहाव्यात, हे सांगणारा आयईसी ६१८५०-७-६ हा तांत्रिक अहवाल २०१९ पासून उपलब्ध आहे.

भारतात हा प्रश्न सर्वाधिक बोचतो तो बे-विस्ताराच्या वेळी. पारेषण प्रकल्प स्पर्धात्मक बोलीने दिले जाऊ लागल्यापासून एका संस्थेच्या उपकेंद्रात दुसऱ्या विकासकाने फीडर बे उभारणे नित्याचे झाले आहे, आणि त्याने आणलेले रिले मूळ प्रणालीपेक्षा वेगळ्या कंपनीचे असण्यात गैर काही नाही. पण जुन्या एससीडी फायलीची अद्ययावत प्रत कोणाकडे आहे, असे विचारले की ठेकेदार मूळ उत्पादकाकडे बोट दाखवतो, उत्पादक नव्याने शुल्क मागतो, आणि दोन-तीन बेंच्या कामासाठी इंटरलॉकिंगचे भिजत घोंगडे महिनोन्‌महिने पडून राहते. पंजाबातील मालेरकोटला येथील ४०० केव्ही उपकेंद्रात २०२० मध्ये प्रोसेस बस, म्हणजे यार्डातील मोजमापे तांब्याच्या केबलींऐवजी प्रकाशीय तंतूंवरून अंकीय रूपात आणणारी रचना, कार्यान्वित झाली. अशी उपकेंद्रे वाढतील तसे आज फक्त नियंत्रणापुरते असलेले हे परावलंबन थेट संरक्षणापर्यंत पोचेल.

आंतरकार्यक्षमता आणि अदलाबदलक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. एका कंपनीचा रिले काढून दुसरीचा जसाच्या तसा बसवता यावा, असे वचन मानकाने दिलेलेच नाही. विकेंद्रित बसबार संरक्षणात बे एकक आणि केंद्रीय एकक यांच्यातील संदेशवहन आजही बहुधा उत्पादकाचे खासगी असते, त्यामुळे नव्या बेचे एकक त्याच कंपनीचे घ्यावे लागते. लाइन डिफरन्शियल संरक्षणात दोन्ही टोकांचे रिले एकाच कंपनीचे, आणि अनेकदा जुळत्या फर्मवेअरचे, लागतात, मग ती टोके दोन वेगळ्या संस्थांच्या मालकीची का असेनात. अशा ठिकाणी मानकाचा हवाला देत वाद घालण्यापेक्षा भविष्यातील बेंसाठीची एकके मूळ खरेदीतच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

उरलेल्या बाबतीत संस्थेला स्वतःच्या हाताने करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक प्रकारच्या बेसाठी कोणते लॉजिकल नोड, कोणत्या नावाने आणि कोणत्या ऐच्छिक घटकांसह हवेत, याचा साचा संस्थेच्या अभियंत्यांनी तयार करून तो निविदेला एससीएल फायलीच्या रूपात जोडावा. मानकात योग्य नोड असताना जीजीआयओ वापरल्यास तो अस्वीकारार्ह ठरवावा. आवृत्ती कोणती, हे ‘नवीनतम’ अशा मोघम शब्दाने न सांगता स्पष्ट लिहावे. आणि कारखान्यातील स्वीकृती-चाचणीत किमान एक बे दुसऱ्या उत्पादकाच्या रिलेसह उभा करून गूस, इंटरलॉकिंग व चाचणी-अवस्था तपासून घ्याव्यात. उपकेंद्र ताब्यात घेताना अद्ययावत एससीडी व सीआयडी फायली, प्रत्येक रिलेच्या फर्मवेअरची आवृत्ती, विन्यास-साधनांचे परवाने आणि पासवर्ड यांची नोंद सुट्या भागांच्या यादीइतक्याच काटेकोरपणे व्हावी, आणि यांपैकी काही अपुरे असल्यास अंतिम देयक रोखण्याची तरतूद करारातच असावी.