शेवटीं मांत्रिक हवाच!

‘ज्याचा पैसा, त्याचा शब्द अखेरचा’ हा बाजारांतला नियम कलेच्या दारांतून आंत शिरला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण अमेरिकेंतल्या एका भयपटाचें आहे. साहित्याला वाहिलेल्या मासिकांत भुताखेतांच्या बोलपटांची चर्चा कशाला, असें ज्यांना वाटेल त्यांना आमची एवढीच विनंति कीं, भरतमुनींनीं आठ रसांच्या पंक्तींत भयानकालाहि पान वाढलेलें आहे. तें उचलून घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

विल्यम पीटर ब्लॅटी या लेखकाची ‘दि एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ सालीं प्रसिद्ध झाली. एक्झॉर्सिस्ट म्हणजे भूत उतरविणारा धर्मोपदेशक. आपल्याकडे ज्याला मांत्रिक किंवा जुन्या भाषेंत पंचाक्षरी म्हणतात, त्याचा हा ख्रिस्ती भाऊबंद. १९७३ सालीं विल्यम फ्रीड्किन या दिग्दर्शकानें या कथेचा चित्रपट केला. पटकथा ब्लॅटीनेंच लिहिली आणि तिच्याबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागांत एका बारा वर्षांच्या मुलीला पिशाच्च झपाटतें, दोन धर्मोपदेशक तें काढावयास जातात आणि दोघेहि प्राणांस मुकतात, अशी ही कथा. चित्रपटानें पैसा अलोट मिळविला. येथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. ‘आतां याचा उत्तरभाग काढा’ ही आरोळी उठली तेथून तक्रारीला आरंभ होतो.

पहिला उत्तरभाग १९७७ सालीं जॉन बूरमन यानें केला. त्यांत ब्लॅटीचा हात नव्हता. प्रेक्षक भ्यावयाच्या ऐवजीं हंसूं लागले आणि बूरमनला आपला चित्रपट पुन्हां कापावा लागला. त्याविषयीं एवढें पुरे.

पुढें १९८३ सालीं ब्लॅटीनें स्वतः ‘लीजन’ नांवाची कादंबरी लिहिली. पहिल्या कथेंतील किंडरमन नांवाचा म्हातारा पोलिस अधिकारी हा तिचा नायक. वर्षांपूर्वीं जो खुनी मेला असें समजलें जात होतें, त्याच्याच पद्धतीनें शहरांत नवे खून पडूं लागतात. शोध घेतां घेतां किंडरमन वेड्यांच्या इस्पितळांतील एका बंद कोठडीपाशीं येऊन पोंचतो. आंत बसलेल्या रोग्याचा चेहरा त्याच्या मृत मित्राचा, पहिल्या कथेंत प्राण दिलेल्या धर्मोपदेशक कॅरसचा असतो, आणि त्या तोंडून बोलतो तो मेलेला खुनी! कादंबरींत किंडरमनला खुन्याहूनहि अधिक छळणारा एक प्रश्न आहे: ईश्वर असेल तर निरपराध लेंकरांच्या वांट्याला यातना कां? या कथेंत मंत्र नाहींत, पवित्र जलाचें शिंपण नाहीं, मांत्रिक तर मुळींच नाहीं. ही उणीव नव्हे. जी गोष्ट एकदां सांगून झाली, ती पुन्हां न सांगण्याचा हा लेखकाचा विवेक आहे.

मॉर्गन क्रीक या चित्रसंस्थेनें तिचा चित्रपट करण्याचें ठरविलें आणि दिग्दर्शनहि ब्लॅटीकडेच सोंपविलें. किंडरमनच्या भूमिकेसाठीं जॉर्ज सी. स्कॉट, कोठडींतल्या रोग्यासाठीं ब्रॅड डूरिफ. चित्रीकरण झालें, चित्रपट जुळवून झाला, आणि मग मालकांना साक्षात्कार झाला कीं, ज्याच्या नांवांत ‘एक्झॉर्सिस्ट’ हा शब्द घालावयाचा त्यांत भूत उतरविण्याचा विधि कोठेंच नाहीं! ब्लॅटीला तें नांवच मुळीं नको होतें. त्याला ‘लीजन’ हेंच नांव हवें होतें. म्हणजे आधीं मालकांनीं चित्रपटाला त्याचें नसलेलें नांव चिकटविलें, आणि मग तें नांव खोटें पडतें म्हणून चित्रपट बदलावयास लावला. टोपी बसत नाहीं म्हणून डोकें तासण्याचा हा प्रकार आहे.

हुकूम सुटला. नव्या चित्रीकरणासाठीं सुमारें चाळीस लाख डॉलर मंजूर झाले. निकोल विल्यमसन नांवाचा एक नामांकित नट आणून त्याला फादर मॉर्निंग हा मांत्रिक करण्यांत आलें. या गृहस्थाचा कथेशीं कांडीचाहि संबंध नाहीं. मध्येंच एका खोलींत तो दिसतो, आणि शेवटीं कोणीं बोलावलें हें न कळतां कोठडींत येऊन उभा राहतो. १९७३ च्या चित्रपटांत कॅरसचें काम करणारा जेसन मिलर यालाहि परत आणण्यांत आलें. त्यामुळें डूरिफचे प्रवेश पुन्हां घ्यावे लागले आणि एका रोग्याला दोन चेहरे झाले. मूळच्या शेवटांत किंडरमन शांतपणें कोठडींत जातो आणि रोग्याला गोळी घालतो. मित्राला सोडविण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशीं उरलेला नसतो. त्या एका गोळींत साऱ्या कथेचा प्रश्न सांठला होता. नव्या शेवटांत जमीन दुभंगते, विजा कडाडतात, साप वळवळतात, मांत्रिक छताला जाऊन चिकटतो. ‘दि एक्झॉर्सिस्ट, भाग तिसरा’ या नांवानें ऑगस्ट १९९० मध्यें ही खिचडी लोकांपुढें वाढण्यांत आली. करावयास गेले गणपति आणि झाला मारुति, ही म्हण येथें थोडी उलटी लावावी लागते. गणपति झालाच होता; मालकांनीं त्याला शेपूट लावलें.

मालकांची चूक केवळ अरसिकपणाची नाहीं. ती रसांच्या घोटाळ्याची आहे. भयानकाचा स्थायीभाव भय आणि बीभत्साचा जुगुप्सा, हा भेद आपल्याकडे काव्यशास्त्राचा नवखा विद्यार्थीहि जाणतो. साप, फाटलेली कातडी, रक्ताचे लोट यांनीं अंगावर शिसारी येते. शिसारीला भीति समजणें म्हणजे ठसका लागला त्याला रडूं समजणें आहे. भीतीचें वसतिस्थान न दिसणाऱ्यांत आहे. दिसलें कीं तिची अर्धी शक्ति गेली.

याची साक्ष त्याच चित्रपटांत आहे, मालकांच्या नाकासमोर आहे. इस्पितळाची एक लांबलचक ओसरी. रात्रीची वेळ. कॅमेरा एका टोंकाला, जागचा न हलणारा. दूरवर एक परिचारिका आपल्या कामांत या दारांतून त्या दारांत जाते, परत येते, कागद चाळते. पहारेकरी निघून जातो. कांहींच घडत नाहीं. पाहणारा कंटाळतो, सैलावतो, आणि नेमक्या त्या क्षणीं बंद दारांतून पांढऱ्या वस्त्रांत गुरफटलेली एक आकृति हातांत प्रचंड कातर घेऊन तिच्या मागें निघते. पुढें काय झालें तें दिसत नाहीं. दिसतो एक शीर्षहीन पुतळा. बस्स! रक्ताचा एक थेंबहि नाहीं. इतक्या वर्षांनंतर या चित्रपटाची आठवण निघाली कीं लोक या ओसरीची गोष्ट सांगतात. फादर मॉर्निंगची सांगणारा आम्हांला अजून भेटावयाचा आहे. ओसरी लेखकाची, फादर मॉर्निंग मालकांचा. हिशेब ज्यानें त्यानें करावा.

‘पण नांव हें प्रेक्षकाला दिलेलें वचन आहे, आणि पैसा बुडाला तर तो लेखकाचा बुडत नाहीं’ असें मालकांच्या बाजूनें म्हणतां येईल, आणि या म्हणण्याला आम्ही हलकें समजत नाहीं. पैसा घालावा कीं घालूं नये, किती घालावा, कोणाच्या हातीं द्यावा, हें ठरविण्याचा अधिकार निःसंशय मालकाचा. परंतु कथा वाचून, पटकथा मान्य करून, लेखकालाच दिग्दर्शक नेमून, सारें काम उरकल्यावर ‘आतां अर्थ बदला’ असें सांगणें हा त्याच अधिकाराचा भाग कसा? घर बांधून झाल्यावर घरधनी गवंड्याला खिडकी मोठी करावयास सांगूं शकतो. देवळाचें काम सांगून, कळस चढल्यावर ‘नाटकगृह करून द्या’ असें सांगूं शकत नाहीं. वचनाविषयीं म्हणाल, तर तें देणारा लेखक नव्हताच. ज्यानें दिलें त्यानें तें आपल्या नांवावर पाळावें.

सारीं भांडणें वाईट, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. १९७३ च्या चित्रपटाच्या वेळीं ब्लॅटी आणि फ्रीड्किन यांच्यांतहि तंटा झाला होता. शेवट सांत्वनाचा असावा असें लेखकाला वाटे, दिग्दर्शकानें तो भाग गाळला, आणि पुढें २००० सालीं तो पुन्हां जोडला. हा दोन कारागिरांचा वाद होता. चित्रपटाचा अर्थ काय, यावर तो होता. चार्ल्स डिकन्सनें बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून १८६१ सालीं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट बदलला. तो बदल योग्य कीं अयोग्य यावर वर्गांत अजून कडाक्याचे वाद होतात, पण लेखणी डिकन्सच्याच हातांत होती. आपला भवभूति तर उत्तरभागाचा थोर कर्ता! ‘महावीरचरिता’नंतर त्यानें ‘उत्तररामचरित’ लिहिलें तें रावणाला पुन्हां उभा न करतां. वीराकडून तो करुणाकडे वळला, आणि रामायणांत धरणीच्या पोटांत जाणारी सीता त्यानें रामाला परत मिळवून दिली. शुभ शेवटाची रूढि त्याच्याहि मानेवर बसलेली होती, हें खरें. पण ती जणूं त्याच्याच मनांतली गरज असावी अशा रीतीनें त्यानें वागविली. एखाद्या धनिकानें ‘आधींच्या नाटकांत युद्ध गाजलें, तेव्हां येथेंहि लंका जाळा’ म्हणून त्याला पिच्छा पुरविला असता, तर आज संस्कृताच्या वर्गांत आम्ही काय शिकविलें असतें?

मालकाचा जाच सोसूनहि काम साधलेलीं माणसें हॉलिवुडांत होऊन गेलीं. आर. के. ओ. कंपनींत १९४२ सालीं व्हॅल ल्यूटन नांवाच्या निर्मात्याला कंपनी आधीं नांव देई आणि मग त्यानें कथा रचावी असा शिरस्ता होता. खर्च दीड लाख डॉलरांच्या आंत. ‘कॅट पीपल’ हें असेंच दिलेलें नांव. एका प्रवेशांत काळा चित्ता दाखविलाच पाहिजे असा कंपनीचा आग्रह पडला. दिग्दर्शक झाक तूर्नर यानें तो दाखविला खरा, पण इतक्या सावल्यांत कीं, आहे कीं नाहीं याचा भ्रमच व्हावा. चित्रपट तुफान चालला आणि अर्थातच उत्तरभागाचा हुकूम आला. नांव ठरलेलें: ‘दि कर्स ऑफ दि कॅट पीपल’. १९४४ सालीं या भडक नांवाखालीं ल्यूटननें एका एकाकी मुलीची आणि तिच्या कल्पनेंतल्या सोबतिणीची हळुवार गोष्ट सांगितली. त्याला स्वतःला ‘एमी आणि तिची मैत्रीण’ अशा अर्थाचें साधें नांव हवें होतें. मांजराचा शाप त्यांत औषधालाहि नाहीं. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ याच्या अगदीं उलट. नांव कथलाचें आणि हातीं सोनें! काम वेळेवर होत नाहीं म्हणून कंपनीनें मध्यावर दिग्दर्शक बदलला आणि रॉबर्ट वाइज नांवाच्या संकलकाला बसविलें. १९४२ सालीं ऑर्सन वेल्सचा ‘दि मॅग्निफिसंट अँबरसन्स’ कंपनीच्या हुकमानें ज्यानें कापला, तोच हा वाइज. आणि भूत एकदांहि न दाखवितां थरकांप उडविणारा ‘दि हाँटिंग’ १९६३ सालीं यानेंच केला. ल्यूटनच्या हाताखालीं तो काय शिकला असेल, याचा तर्क वाचकांनींच करावा. पण ल्यूटनवर अटी कामाच्या आरंभीं लादल्या जात, म्हणून त्यांना वळसा घालतां येई. ब्लॅटीवर अट आली ती कामाच्या अखेरीस.

मॉर्गन क्रीकचे मालक ठेंच लागून शहाणे झाले म्हणावें, तर तेंहि नाहीं. पूर्वकथा सांगणारा नवा चित्रपट त्यांनीं पॉल श्रेडर या दिग्दर्शकाकडून करून घेतला. तो पुरेसा भीतिदायक नाहीं म्हणून फडताळांत टाकला, आणि रेनी हार्लिनकडून त्याच कथेचा जवळजवळ सबंध दुसरा चित्रपट काढविला. मुख्य नट तोच, छायाचित्रकारहि तोच! हार्लिनचा चित्रपट २००४ सालीं आला, समीक्षकांनीं झोडपला, आणि मग २००५ सालीं श्रेडरचाहि बाहेर काढण्यांत आला. म्हाताऱ्या ब्लॅटीनें उघडपणें श्रेडरचीच बाजू घेतली.

सर्वांत लाजिरवाणा भाग पुढेंच आहे. ब्लॅटीचा मूळ चित्रपट लोकांनीं पुनःपुन्हां मागितला, तेव्हां त्याच्या मूळ फिती सांपडेनात. शेवटीं २०१६ सालीं जें कांहीं जुळवितां आलें, तें चित्रीकरणाच्या वेळीं रोजच्या कामाच्या घेतलेल्या व्हीएचएस फितींवरून. मूळ प्रवेश आला कीं पडद्यावरचे रंग विटतात, चेहरे धूसर होतात; तो संपला कीं चित्र पुन्हां लख्ख. म्हणजे लेखकाचा शब्द कोठें पुसला गेला तें प्रेक्षकाला डोळ्यांनींच दिसतें. पुढें थोड्याच महिन्यांनीं, जानेवारी १९१७ नव्हे, २०१७ मध्यें ब्लॅटी वारला; जुन्या शतकाचे आंकडे लेखणीला सोडवत नाहींत. विश्वामित्री सृष्टि उभारावयाला चाळीस लाख डॉलर होते, आणि ब्रह्मदेवाची सृष्टि जपून ठेवावयाला एक पेटी नव्हती! मालकांनीं आपला शेवट जोडावा, हवा तर दहा मांत्रिक आणावे. पण लेखकानें जुळविलेली प्रत नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याहि करारानें त्यांना नसावा, आणि बदललेला भाग कोणाच्या आज्ञेनें बदलला हें पडद्यावर लिहिण्याची सक्ति असावी, एवढी आमची मागणी आहे. औषधाच्या बाटलीवर भेसळ लिहावी लागते; कथेवर कां नको?

इकडे बाजार थांबलेला नाहींच. २०२१ सालीं दुसऱ्या एका बड्या कंपनीनें याच नांवाखालीं तीन नवे चित्रपट काढण्याचे हक्क सुमारें चाळीस कोटी डॉलरांना घेतल्याचें प्रसिद्ध झालें. पहिला २०२३ सालीं आला आणि लोकांना रुचला नाहीं. दुसऱ्याचें नांव आणि तारीखहि जाहीर झालेली होती. तो रद्द करून २०२४ सालीं सारें काम माइक फ्लॅनागन या दुसऱ्या दिग्दर्शकाकडे देण्यांत आलें.