मनगटावरचा आकडा आणि खानदेशातलं ऊन

स्मार्ट घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं, परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी मोजतं आणि ‘एआय’ त्या नोंदींतून धोका ताडतं. पण ज्या शरीरांच्या नोंदींवर ते शिकलं, त्यांच्यापुरताच त्याचा भरवसा. २०२० साली अमेरिकेत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत हे उघड झालं: यंत्र ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना रक्तात तो ८८च्याही खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघालं. घड्याळाचा प्रकाश वेगळा, तरी प्रश्न तोच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना यावल-रावेरच्या केळीबागेत खांद्यावर घड वाहणाऱ्या मजुराच्या सावळ्या, घामेजल्या मनगटावरचा आकडा आधी इथेच पडताळायला हवा. वाढलेली नाडी कष्टाची की उष्माघाताच्या वाटेवरची, हे नुसत्या ठोक्यांवरून कळत नाही. शरीराचं आतलं तापमान घड्याळ थेट मोजत नाही. कुणी म्हणेल, जिथे डॉक्टरच दूर, तिथे काहीच नसण्यापेक्षा हे बरं. इशारा मिळण्यापुरतं ते खरं. पण ‘सगळं ठीक’ हा खोटा दिलासा माणसाला उन्हात राबत ठेवतो, त्यापेक्षा घड्याळ नसलेलं परवडलं. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी शेतमजुरांच्या संमतीने भर उन्हाळ्यात ही पडताळणी करावी. तोवर चक्कर, उलटी, बरळणं दिसलं की आकडा न बघता माणसाला सावलीत आणावं, अंगावर पाणी ओतावं आणि दवाखाना गाठावा.