आधी शर्यत तरी ठेवा



2 नोव्हेंबर 2025 च्या त्या रविवारी आपल्यापैकी कितीतरी घरांत सकाळपासून टीव्ही चालू होता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव इथे अमेरिकेत जन्मलेल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलींच्याही तोंडी बसलं. तेव्हापासून आपल्या मराठी मंडळात एक प्रश्न वरचेवर कानावर येतो: आता तर स्त्री-पुरुष खेळाडूंना मानधनही सारखंच मिळतं, मग विषमता उरली कुठे?

मानधनापासूनच सुरुवात करू. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने दोन्ही संघांसाठी एकच दर जाहीर केला: कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. निर्णय चांगलाच होता. पण 2024 या वर्षात पुरुषांचा संघ 15 कसोट्या खेळला आणि महिलांच्या वाट्याला आली एक. ती जूनमध्ये चेन्नईला झाली. शफाली वर्माने 205 धावा केल्या, स्मृतीने 149. दोघींची सलामीची भागीदारी 292 ची. भारताने 6 बाद 603 वर डाव घोषित केला आणि महिला कसोटीतली तोवरची सर्वांत मोठी धावसंख्या नोंदली गेली. असा खेळ करणाऱ्या या मुलींना त्या वर्षात पुन्हा पांढरे कपडे चढवायची संधीच मिळाली नाही. दर सारखा ठेवला, सामनेच ठेवले नाहीत. वार्षिक करारात तर दरही सारखे नव्हते. 2024-25 मध्ये महिलांच्या वरच्या श्रेणीला 50 लाख होते, पुरुषांच्या वरच्या श्रेणीला 7 कोटी.

खेळातली विषमता पैशांच्या कितीतरी आधी सुरू होते. स्पर्धेच्या यादीत तुमची शर्यत आहे की नाही, इथूनच ती सुरू होते. 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिक आपल्याला कुस्तीपटू खाशाबा जाधवांमुळे पाठ आहे. त्याच हेलसिंकीत मुंबईची मेरी डिसूझा धावली, 100 आणि 200 मीटर. याहून लांबची शर्यत तिला धावताच आली नसती, कारण त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी धावण्याची सर्वांत लांब शर्यत 200 मीटरचीच होती.

याचं मूळ 1928 च्या ॲमस्टरडॅममध्ये आहे. तिथे स्त्रिया प्रथमच 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लिना राडकेने विश्वविक्रम केला. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर बसल्या, आडव्या झाल्या. अशा शर्यतीनंतर पुरुषही होतात. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कोसळल्याची वर्णनं छापली, आणि ही शर्यत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी बंद झाली ती 1960 पर्यंत. बत्तीस वर्षांत किती पिढ्यांचा उमेदीचा काळ सरला, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

बार्सिलोनाची गोष्ट याहून बोचरी आहे. 1992 मध्ये स्कीट नेमबाजीत स्त्री-पुरुष एकत्र उतरत. चीनच्या झांग शानने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होती. विजेतीला पदक राखायला जाण्याची सोयच नव्हती.

उलट, दार उघडलं की काय होतं तेही पाहा. स्त्रियांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली 1984 ला; त्याच वर्षी पी. टी. उषाचं कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकलं. महिलांचं वेटलिफ्टिंग 2000 मध्ये आलं आणि कर्णम मल्लेश्वरीने पदक आणलं. बॉक्सिंग 2012 मध्ये आलं, मेरी कोमने पदक आणलं. स्टीपलचेस पुरुषांसाठी 1900 पासून, स्त्रियांसाठी थेट 2008 पासून. आठच वर्षांनी, रिओत, माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत होती. दहावी आली. माणदेशात तिच्या आधी असं धावणाऱ्या मुली नसतील, यावर माझा विश्वास नाही. आणि कुस्तीतल्या ज्या महाराष्ट्र केसरीचा आपण इतका अभिमान बाळगतो, ती पुरुषांसाठी 1961 पासून आहे. महिलांची पहिली स्पर्धा सांगलीत 2023 साली झाली.

'मुलींना खेळात रसच नसतो' असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या आपल्या मुलींच्या शाळा पाहाव्यात. 1972 मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा देशभरात तीन लाखांहून कमी मुली हायस्कूलच्या संघांतून खेळत होत्या. आज तीस लाखांहून जास्त खेळतात. मुलींच्या अंगातली ताकद पन्नास वर्षांत दहापट झाली नाही. त्यांना संघ मिळाले, प्रशिक्षक मिळाले, मैदानाची वेळ मिळाली. आपल्या मंडळातल्या ज्या मुली ऑक्टोबरच्या थंडीत क्रॉस-कंट्री धावताना दिसतात, त्या याच कायद्याच्या आधाराने धावतात.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. मंडळाच्या क्रीडादिनी पुरुषांची क्रिकेट स्पर्धा सकाळी नऊला सुरू होते, तिला पंच असतात, धावफलक असतो, फिरता चषक असतो. महिलांसाठी जेवणानंतर लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. त्यात मजा येते, ते जरूर राहू दे. पण या वर्षी महिलांची क्रिकेट स्पर्धाही सकाळच्याच वेळेत, दुसऱ्या खेळपट्टीवर, तशाच पंचांसह आणि तितक्याच उंचीच्या चषकासाठी घ्यावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवत आहे. संघ किती होतील ही शंका येईलच. पहिल्या वर्षी दोनच झाले तर त्या दोन संघांचा सामना घेऊ. तीन षटकांत संपला तरी धावफलकावर लिहू. बारा वर्षांवरच्या मुलींना आयांबरोबर एकाच संघात खेळू द्यावं. आणि त्या सकाळी स्वयंपाकघराची जबाबदारी पुरुषांच्या संघांनी पाळीपाळीने घ्यावी, नाहीतर खेळायला येणार कोण?

नावं क्रीडा समितीकडे द्या. ज्यांनी बॅट कधी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी दर शनिवारी संध्याकाळी उद्यानात सराव ठेवू. चेंडू मंडळाचे, शिकवायला आपल्यातलेच जुने खेळाडू.

आपली,
संपादक