आधी फोटो लावा, मग मेरिट बघू!

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये वूड्रो विल्सन एवढाच भेटतो : 14 मुद्दे, राष्ट्रसंघ, 1919 चे शांततेचे नोबेल. प्रश्न आला की आपण चार ओळी लिहितो आणि मार्क घेतो. पण घरातल्या पहिल्या पदवीधरांचे, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्यासारख्यांचे, या माणसाने काय केले हे त्या नोट्समध्ये नसते.

विल्सन अडाणी नव्हता. 1856 साली व्हर्जिनियात जन्म. वडील गुलामगिरीचे समर्थन करणारे धर्मोपदेशक. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत पीएच.डी. असलेला हा एकटाच. प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष, मग न्यू जर्सीचा गव्हर्नर आणि मार्च 1913 मध्ये राष्ट्राध्यक्ष. कामाचा झपाटाही मोठा. पहिल्या दोन वर्षांत फेडरल रिझर्व्ह बँक, श्रीमंतांवर आयकर, मक्तेदारीला लगाम; 1916 मध्ये रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस. हे सगळे खरे आहे. 'पुरोगामी' हे बिरुद त्याला याच यादीवर मिळाले.

आता त्याच वर्षांची दुसरी यादी वाचा.

शिकलेल्या कृष्णवर्णीयांसाठी केंद्र सरकारची नोकरी ही वर चढायच्या मोजक्या शिड्यांपैकी एक होती. परीक्षा द्यायची, पास व्हायचे, टपाल खात्यात किंवा अर्थखात्यात टेबल मिळवायचे. एप्रिल 1913 मध्ये पोस्टमास्टर जनरल बर्लसनने मंत्रिमंडळापुढे कर्मचाऱ्यांना रंगावरून वेगळे बसवायचा विषय काढला. विल्सनने अडवले नाही. मग टेबले वेगळी झाली, मध्ये पडदे आले, जेवायच्या जागा वेगळ्या, संडास वेगळे. 1914 पासून नोकरीच्या अर्जाला उमेदवाराचा फोटो सक्तीचा झाला. यादीतल्या वरच्या तिघांतून एकाला निवडायचा अधिकार अधिकाऱ्याच्या हातात होताच. परीक्षा तीच, मार्क तेच. चेहरा बघून नाव गाळायची सोय तेवढी नवी.

ओळखीचे वाटते ना? आपल्याकडे फोटोचीही गरज पडत नाही, "पूर्ण नाव काय?" एवढे पुरते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी आडनाव सांगितले. समोरचे साहेब काही वाईट बोलले नाहीत. गाव विचारले, वडील काय करतात ते विचारले, विषयावर एकही प्रश्न न विचारता "कळवतो" म्हणाले. अजून कळवताहेत.

विल्सनचे वकील म्हणतात, तो त्याच्या काळाचा माणूस होता. हे खोटे आहे. त्याच्या आधीही भेदभाव होता, पण सरकारी कचेऱ्यांत काळे-गोरे कर्मचारी कित्येक वर्षे एकत्र काम करत आले होते. ते त्याच्या सरकारने मोडले. आणि काळाचाच हिशेब करायचा, तर विल्यम मन्रो ट्रॉटर कोणत्या काळाचे होते?

ट्रॉटर हार्वर्डचे पदवीधर, बोस्टनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राचे संपादक. 1912 च्या निवडणुकीत त्यांनी आणि डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी विल्सनला पाठिंबा दिला होता, कारण कृष्णवर्णीयांना न्यायाने वागवीन असे त्याने लिहून दिले होते. नोव्हेंबर 1914 मध्ये ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि त्या शब्दाचा जाब मागितला. विल्सनचे म्हणणे असे की, वेगळे बसवणे हा अपमान नाही, त्यात तुमचेच भले आहे, भांडणे टळतात. ट्रॉटर यांनी ते तोंडावर खोडून काढले. तेव्हा राष्ट्राध्यक्षांना राग आला तो ट्रॉटर यांच्या बोलण्याच्या सुराचा. पुन्हा यायचे असेल तर दुसरा प्रवक्ता घेऊन या, असे त्याने सुनावले.

"मुद्दा बरोबर आहे, पण भाषा जरा जपून." हे वाक्य कॉलेजात, ऑफिसात, पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्रांच्या तोंडून आपण किती वेळा ऐकले आहे!

14 मुद्द्यांचेही तेच. 1919 मध्ये पॅरिसला जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचे कलम घालायची मागणी केली. समितीतल्या 17 पैकी 11 मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. अशा विषयावर एकमत हवे, असे सांगून त्याने बहुमताने आलेला ठराव बाजूला सारला.

जुलै 1913 मध्ये, कचेऱ्यांत या भिंती उभ्या राहत असतानाच, बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. कोलंबियात बसून त्यांनी 1916 मध्ये भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढे 1946 साली त्यांनी पत्र लिहिले ते द्यु बॉइस यांना. त्याच्याही कितीतरी आधी, 1873 साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. अमेरिकेत कोणाशी नाते जोडायचे, हे आपल्या माणसांना नेमके ठाऊक होते.

बँक सुधारली, कर सुधारला, कामाचे तास सुधारले. पण ज्याने परीक्षा पास केली त्याला पडद्याआड बसवले. अशा सुधारणेत आपली जागा कुठे, हे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. आपल्या राज्याला 'पुरोगामी' म्हणताना उर भरून येणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा. आवाज चढला तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी विल्सनवर टीप लिहाल, तेव्हा 14 मुद्द्यांखाली 1914 चा तो फोटोही लिहा.

जय भीम!