‘बीप’ वाजले म्हणजे हिशेब बरोबर?

दुकानदाराने साबणाची वडी यंत्रासमोर धरली आणि ‘बीप’ असा आवाज आला, की हिशेब बरोबर झाला असे आपण धरून चालतो. विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते हा भरवसा फाजील आहे. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या वस्तूची किंमत त्या यंत्राला दिसतच नाही!

मग दिसते काय? वेष्टनावरील उभ्या पट्ट्यांवरून, म्हणजे बारकोडवरून, बहुधा तांबड्या प्रकाशाचा झोत फिरतो. पांढरा भाग तो परावर्तित करतो, काळा शोषून घेतो. परतलेल्या प्रकाशाप्रमाणे विद्युत्प्रवाह कमीअधिक होतो आणि त्यावरून पट्ट्यांची जाडी व जाडीवरून आकडे ठरतात. (पट्ट्या तांबड्या शाईने छापल्या, तर त्या प्रकाशात त्या कागदाइतक्याच उजळ दिसतील आणि यंत्र आंधळे होईल.) अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय येथे २६ जून १९७४ रोजी च्युइंग गमचे एक पाकीट असे विकले गेले, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली.

भौतिकी शिकवणाऱ्याने खरे तर लेसरचे कौतुक करावे. मला मात्र अधिक कौतुक वाटते ते शेवटच्या आकड्याचे. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर पट्ट्यांखाली १३ आकडे असतात. समजा, पहिले बारा ८९०१२३४५६७८९ असे आहेत. (सुरुवातीचे ८९० म्हणजे क्रमांक भारतातून दिला गेला एवढेच, माल येथेच बनला असे नव्हे.) विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज २८. सम स्थानांवरील ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. या बेरजेत जो अंक मिळवल्यावर तिला १० ने पूर्ण भाग जाईल, तो तेरावा, येथे शून्य. आता चौथ्या स्थानावरचा १ यंत्राने ७ असा वाचला, तर बेरीज १४८ होते, भाग जात नाही, आणि यंत्र तो क्रमांक नाकारते. यंत्र चुकेल हे त्याच्या रचनाकारांनी आधीच गृहीत धरले होते! शाळेच्या गणिताच्या पुस्तकात हे उदाहरण अवश्य यावे.

परंतु हा पहारा क्रमांकापुरताच. क्रमांक संगणकाकडे जातो आणि दुकानाच्या यादीत त्यापुढे कोणी जी किंमत भरली असेल, ती पावतीवर उमटते. तेथे २५ ऐवजी ५२ भरले गेले, तर तपासणी अंक काय करणार? ‘बीप’ त्याच सुरात वाजेल. वाण्याची तोंडी बेरीज चुकली तर एका गिऱ्हाइकाची चुकते; ही चूक दुरुस्त होईपर्यंत प्रत्येकाची होते.

आपल्या देशात बंद वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. ती पावतीशी ताडून पाहावी. फळीवर सवलतीची पाटी असेल, तर तीही ध्यानात ठेवावी. मागे रांग वाढते म्हणून घरची मोठी माणसे संकोचतात. हे काम तुम्ही आपल्याकडे घ्या, आणि तेही दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी.