नाव कुणाचे, आकार कुणाचा?

दोन चकत्या, त्यांना जोडणारा एक आस आणि त्या आसाभोवती गुंडाळलेली दोरी. यो-यो नावाच्या खेळण्यात याहून अधिक काही नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक कुंभाराने घडविलेले एक पात्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर हेच खेळणे खेळणारा मुलगा रंगविलेला आहे. सूरदासांच्या पदातला बाळकृष्ण मातेकडे भोवऱ्यासोबत ‘चकडोरी’ मागतो, तीही याच कुळातली. अशा वस्तूत ‘मूळ’ कोणते आणि ‘बनावट’ कोणते, हा वाद घालणे म्हणजे वाऱ्याला गाठ मारणे, असे कुणालाही वाटेल. तरीही हा वाद घातला गेला आणि अमेरिकेच्या न्यायालयापर्यंत गेला.

पेद्रो फ्लोरेस हा फिलिपाईन्समधून अमेरिकेत गेलेला तरुण. १९२८ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे त्याने यो-यो बनविण्याचा उद्योग सुरू केला. हे खेळणे आपण शोधून काढले, असा दावा त्याने कधीही केला नाही. ते त्याच्या मायदेशी पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात होते आणि ‘यो-यो’ हा शब्दही तिथलाच. पुढे डोनाल्ड डंकन या धूर्त व्यापाऱ्याने तो उद्योग विकत घेतला आणि १९३२ साली ‘यो-यो’ या शब्दावर व्यापारचिन्ह म्हणून आपली मोहर उमटविली. त्यानंतर इतर कारखानदारांना तीच वस्तू ‘रिटर्न टॉप’ अशा पर्यायी नावांनी विकावी लागे. फिलिपाईन्समधल्या मुलांचा शब्द एका अमेरिकन कंपनीची मालमत्ता झाला!

ही मालमत्ता टिकली तेहतीस वर्षे. तिला आव्हान देणाऱ्या रॉयल टॉप्स कंपनीचा संस्थापक ज्यो रॅडोव्हन हाही जन्माने फिलिपिनी, हा योगायोग मोठा बोलका आहे. १९६५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ‘यो-यो’ हे एका कंपनीच्या मालाचे नाव नसून त्या वस्तूचेच नाव आहे. त्यावर कुणाचाही एकाधिकार असू शकत नाही. डंकनने स्वतःच्याच जाहिरातींत हा शब्द वस्तूचे नाव म्हणून वापरला होता आणि तोच पुरावा त्याच्यावर उलटला. त्याच वर्षी डंकन कंपनीचे दिवाळे निघाले.

हा जुना इतिहास उगाळण्याचे कारण आजच्या बाजारात आहे. स्पर्धेत वापरला जाणारा यो-यो आता पूर्वीचा लाकडी लट्टू राहिलेला नाही. ॲल्युमिनियमच्या दांड्यातून संगणकनियंत्रित लेथवर तो कापला जातो, आसावर बॉल बेअरिंग बसते, वजन कडेकडे सरकविले जाते. कडेची जाडी किती आणि मधली फट किती, यांचा मेळ बसेपर्यंत निर्मात्याला नमुन्यामागून नमुने टाकून द्यावे लागतात. किंमत काही हजारांत जाते ती यामुळे. मग कुणीतरी एक नग विकत घेतो, मोजमापे उतरवितो आणि त्याच आकाराचा माल चतुर्थांश किमतीत बाजारात येतो. कित्येकदा त्यावर मूळ कंपनीचे नावही कोरलेले असते.

यातील दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आकाराची नक्कल करून आपल्या नावाने माल विकणे ही एक. दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही दुसरी. बोलताना आपण दोहोंना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतो, कायदा तसे मानत नाही. भारताच्या २००० सालच्या डिझाईन कायद्यानुसार नोंदलेल्या आकाराला दहा वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. तेही फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला. वस्तू कशी चालते, त्या तत्त्वाला नाही. नोंदणी केली नाही आणि पन्नासाहून अधिक नग कारखान्यात निघाले, तर स्वामित्व हक्काच्या कायद्याचा आधारही सुटतो. आणि नोंदणी करूनही चोरी झालीच तर? दिवाणी दावा लावून नुकसानभरपाई व मनाई हुकूम मागावा, नाहीतर कायद्याने ठरविलेल्या रकमेवर समाधान मानावे. ती रक्कम प्रत्येक उल्लंघनाला पंचवीस हजार रुपये आणि एका डिझाईनसाठी सर्व मिळून जास्तीत जास्त पन्नास हजार. एका साच्याचा खर्च तेवढ्यात निघेल काय? याउलट खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यासाठी कारावासाची तरतूद आहे.

ही रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढलीच पाहिजे. लहान खेळणी उत्पादकाला वर्षानुवर्षे खटला चालविणे परवडत नाही, हे नक्कल करणाऱ्याला पुरते ठाऊक असते. मात्र संरक्षणाला मुदत असावी आणि कार्यतत्त्व सर्वांसाठी मोकळे असावे, हा नियम योग्यच आहे. तो नसता तर डंकनसारख्या कुणीतरी चकडोरीलाही कुलूप घातले असते. लेगोच्या विटा आणि रुबिकचा घन यांच्या आकारावर कायमचे चिन्ह मागणाऱ्यांना युरोपीय न्यायालयाने अनुक्रमे २०१० आणि २०१६ साली नकार दिला, तो याच विचाराने.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाविषयी फार मोठा भाबडेपणा आहे. चन्नपट्टणच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांना ते मानांकन मिळाले आहे. पण तेही नावाचेच रक्षण करते. तसेच खेळणे परदेशातल्या कारखान्यात बनवून ‘चन्नपट्टण’ हे नाव न घेता विकले, तर हे मानांकन त्याला अडवू शकत नाही. मानांकन मिळाले की सत्कार होतात, पण कारागिराच्या नावाने ग्राहक दुकानात वस्तू मागतो की नाही, हे कुणी पाहत नाही.

आणि तो ग्राहक म्हणजे आपणच. जत्रेत किंवा मोठ्या दुकानातही ‘तसाच तर दिसतो’ म्हणून घेतलेला यो-यो चार दिवसांत डगमगू लागतो, कारण दोन चकत्यांचे वजन सारखे नसते. बेअरिंग अडकते आणि खेळणे माळ्यावर जाते. नक्कल उघडपणे आपल्या नावाने विकणाऱ्याला त्याचा दोष तरी देता येतो. चोरलेल्या नावाखाली लपलेल्याला शोधायचे कुठे? १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. रंगातील विषारी द्रव्यांपासून मुले वाचावीत म्हणून ते आहे. पण तेही अखेर एक चिन्हच. ते खोटे छापण्यासाठी फार कौशल्य लागत नाही आणि खोक्यावर ते शोधणारे पालक मोजकेच.

डंकनचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९६८ साली फ्लॅम्बो नावाच्या कंपनीने ते नाव विकत घेतले. ‘यो-यो’ हा शब्द तेव्हा कुणालाही फुकट वापरता येत होता. डंकनचे प्लास्टिकचे यो-यो तर आधीपासून फ्लॅम्बोच्याच कारखान्यात तयार होत होते. साचे, यंत्रे, कामगार सगळे तिच्यापाशी होते. तरीही तिने पैसे मोजले. आजही तिथून निघणाऱ्या यो-योवर नाव असते ते डंकनचेच.