विसरण्याचीही नोंद

दारव्ह्याच्या एखाद्या नेटकॅफेत विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरतो, 'लॉगआउट' करून उठतो. त्याच्या सत्राची अल्पजीवी नोंद पुसली गेली, असे आपण गृहीत धरतो. पण तिच्या प्रती अनेक संगणकांवर विखुरलेल्या असतील तर? फेसबुकने २००८ साली खुल्या केलेल्या 'कॅसँड्रा' या विदागारात पुसणे म्हणजे आणखी एक नोंद लिहिणे. तिचे नाव 'टूमस्टोन', थडग्यावरचा दगड. तो सहसा १० दिवस जपतात. त्याहून अधिक काळ बंद राहिलेली प्रत तशीच परतली, तर मेलेली नोंद पुन्हा जिवंत होऊ शकते. दगड फार साचले, तर वाचन मंदावते.

म्हणून अशा ठिकाणी क्षणभंगुर गोष्टी साठवण्याआधी विसरण्याचा खर्च मोजावा, असे आमचे मत आहे. विस्मृतीला कोरी जागा समजणाऱ्या आम्हा साहित्याभ्यासकांनाही हे लागू पडते : विसरणे कोणीतरी लिहून ठेवावे लागते.